बोडीचा दम

आमच्या साकोलीकडच्या भागात घरामागच्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. तिथं वांगी-मिरच्या लावतात, कोंबड्या फिरतात, तणसीचा ढीग असतो. माझ्या सांदवाडीच्या टोकाला एक बोडी आहे. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. माझी बोडी पाच गुंठ्यांची, भर पावसाळ्यात पुरुषभर पाण्याची.

२००३ च्या भादव्यात एका पहाटे या बोडीतली मासोळी मेली. त्या सकाळी मी रस्त्यावर उभा राहून जे बोललो, ते अजून काही जणांच्या लक्षात आहे. माझ्या तर आहेच. पण ती गोष्ट सांगायची तर आधी आमच्या तलावांचं सांगावं लागतं. बोडीच्या पाण्याचं जे झालं, त्याचं मूळ तिथं आहे.

आमचा मुलूख तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सहा हजारांच्या वर जुने तलाव आहेत. त्यातले पुष्कळसे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचे, गोंड राजांच्या काळातले. जंगल तोडून जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन मिळायची, असं जुनी माणसं सांगत. कोहळी लोक या कामात मोठे पटाईत. नवेगाव बांधचा एवढा थोरला तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं सांगतात. पुढं इंग्रजी अमलात गावचा सारा भरणारा तो मालगुजार ठरला आणि तलाव त्याच्या मालकीचे झाले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून हे 'माजी मालगुजारी तलाव'. आम्ही दोन शब्दांची पहिली अक्षरं घेतो आणि 'मामा तलाव' म्हणतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोणा मामानं बांधला असेल.

या तलावांचं पाणी धानासाठी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात मासोळी जगायची ती कशी, याचा विचार मी चाळिशी ओलांडेपर्यंत केला नव्हता. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की पाणी दगडांवरून आपटत खालच्या तलावात यायचं. तलावाचं तोंड मोठं, पाळीवर झाडं असली तरी मधल्या पाण्याला वारा लागायचा, दिवसभर लाटा उठायच्या. धानाला पाणी सोडलं की तलाव उतरायचा. उन्हाळ्यात काठचा तळ उघडा पडून भेगाळायचा. मग लोक बंड्या घेऊन गाळ काढायचे आणि आपापल्या बांध्यांत टाकायचे. बांधीला खत मिळायचं आणि तलावाच्या तळाशी सडकं काही साचायचं नाही. ही सारी कामं धानासाठीच केलेली, पण पाण्याचा श्वास त्यामुळंच चालू राहायचा.

मालगुजारी गेली तशी ही व्यवस्था ढिली पडली. तलाव सरकारचा, मग गाळ कोणी काढायचा? पाळी खचल्या, काठानं बेशरम माजली, पाणी उथळ झालं. तलाव ढिवरांच्या सहकारी संस्थांना मासेमारीसाठी ठेक्यानं मिळू लागले, पण दुरुस्तीला पैसा कुठून आणणार?

दुसरी एक गोष्ट याच काळात घडली. आधी रोहू, कटला, मृगळ यांचं बीज नदीतूनच धरावं लागे. बांधलेल्या पाण्यात हे मासे अंडी घालत नाहीत. त्यामुळं बीज दुर्मीळ आणि महाग. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कार्प जातीच्या माशाला मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून बांधलेल्या पाण्यातच अंडी घालायला लावली. ही तारीख आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यानंतर हळूहळू बीजकेंद्रं निघाली आणि प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बोटुकली गावागावात येऊ लागली. बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. आता ज्याच्या सांदवाडीत खड्डा, तो मासोळीवाला होऊ शकत होता. मीही झालो.

मी १९७७ साली दहावी पास झालो आणि वावरात आलो. धानात पैसा उरत नव्हता. २००२ साली बोडी उकरून मोठी केली आणि पावसाळ्यात बीज टाकलं. बायकोच्या बचत गटातून कर्ज काढलं. ती गटात माझ्यासाठी हमी राहिली होती. बीज विकणाऱ्यानं सांगितलं, जितकी जास्त टाकाल तितकी जास्त काढाल. मी दीड हजार टाकली. हिशेबानं पाच गुंठ्यांत अडीचशे-तीनशे पुरे होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायचं सुचलंही नाही.

शेणखत टाकलं, कोंडा टाकला, जवसाची ढेप टाकली. पाणी हिरवंगार झालं. लोक म्हणाले, पाणी चांगलं पिकलं. उन्हाळ्यात बोडी आटू लागली तर मी विहिरीचं पाणी सोडून ती राखली. तळ काही उघडा पडू दिला नाही. मला वाटलं, मोठं शहाणपण केलं.

दुसरा पावसाळा आला. दिवाळीच्या आधी मासोळी काढायची ठरली होती. पितृपक्ष लागला आणि आभाळ भरलं. चार दिवस ऊन नाही, पाऊसही धड नाही, वाऱ्याचा लेश नाही. अंगाला नुसता चिकट घाम. चौथ्या दिवशी बोडीचं हिरवं पाणी तपकिरी दिसू लागलं. मला वाटलं खत कमी पडलं. संध्याकाळी दोन टोपल्या शेण आणि पायलीभर कोंडा टाकून मी झोपायला गेलो.

पहाटे बायकोनं उठवलं. बोडीवर पांढरा थर होता. कटला पोट वर करून तरंगत होते. सगळ्यात मोठे तेच. काही मासे जिवंत होते, ते पाण्याच्या वर तोंड काढून नुसते आ करत होते. दिवस वर येईपर्यंत तेही बहुतेक गेले. दोन क्विंटलच्या वर मासोळी होती. बायको पाळीवर बसून राहिली. ती रडली नाही, मला काही बोललीही नाही. पुढच्या आठवड्यात गटाची बैठक होती, तीच तिच्या डोक्यात असणार.

माझ्या डोक्यात दुसरंच होतं. आमच्या मोठ्या बाबांचा मुलगा, आमचे दादा, त्यांची बांधी बोडीला लागून आहे. बोडीचं जास्तीचं पाणी त्यांच्या धानात शिरतं म्हणून आमचं दोन वर्षं वाजत होतं. आदल्या दिवशी त्यांनी धानावर तुडतुड्याचं औषध मारलं होतं. मी स्वतः त्यांना पाठीवर पंप घेऊन जाताना पाहिलं होतं. मला दुसरा पुरावा नको होता. मी रस्त्यावर गेलो आणि ओरडून सांगितलं की दादानं माझ्या बोडीत पंप धुतला, जहर टाकलं, माझी चूल विझवली. आणखीही बोललो, ते इथं लिहीत नाही. माणसं जमली. पोलीसपाटील आले. दादाला घरातून बोलावलं.

दादा आला तो ओल्या धोतरानं. त्या दिवशी मोठ्या बाबांची तिथी होती, तो पान वाढण्याच्या तयारीत होता. तो एवढंच म्हणाला, "माझ्या बापाच्या दिवशी तू मले जहरी म्हनलं." आणि परत गेला.

पोलीसपाटील म्हणाले, तालुक्याला जाऊन तक्रार द्या. मी निघायच्या तयारीत होतो. तेवढ्यात ढिवर मोहल्ल्यातला म्हातारा आला. सत्तरी ओलांडलेला, सारं गाव त्याला आजाच म्हणायचं. खांद्यावर फेकजाळं, हातात काठी. कोणाशी न बोलता तो बोडीवर गेला, पाण्याचा वास घेतला, मेलेले मासे काठीनं उलटेपालटे केले. मग कडेच्या गवतापाशी जाळं फेकलं. ओढलं तर त्यात दोन मरळ आणि एक मागूर. तिन्ही तडफडत होती, चांगली जिवंत.

आजानं ती माझ्या पायाशी टाकली. म्हणाला, "जहर असतं तं मरळ जित्ती राह्यली असती का, बापू? मागूर काहून जित्ता हाय? बेंडकं काहून ओरडून राह्यले? जहर कोनाले सोडत नाई."

मी म्हणालो, "मग एवढी मासोळी मेली कशानं?"

"दम गेला पान्याचा. मोठी मासोरी पयले मेली, बारकी मांगून. जहरानं बारकी पयले मरते. तुह्या पान्यात रातच्याले दमच नोता."

माझा विश्वास बसेना. पाण्याचा कसला दम? आजा पाळीवर बसला आणि त्यानं मला एक जुनी गोष्ट सांगितली. ती मी जशी ऐकली तशी देतो.

आजा पोरगा असताना मालगुजाराच्या वाड्यामागं एक बोडी होती. मालगुजाराच्या घरी लग्न निघालं म्हणून मोठ्या तलावातली मासोळी धरून महिनाभर आधी त्या बोडीत दाटीवाटीनं ठेवली. पाहुण्यांना ताजी मासोळी मिळावी म्हणून. लग्नाच्या चार दिवस आधी आभाळ भरलं आणि एका पहाटे सारी मासोळी मेली. जाळं टाकायला आजाचा बाप जायचा. मजुरीवरून त्याची आणि दिवाणजीची आदल्या आठवड्यात बोलाचाली झाली होती. मग काय, आळ त्याच्यावर आला. पंच बसले. वीस रुपये दंड केला. त्या वेळी वीस रुपये ही ढिवराला वर्षभर फेडायची रक्कम होती. मोठ्या तलावावर जाळं टाकायची बंदी केली ती वेगळीच. मालगुजारी जाण्याच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट.

"माह्या बापानं पंचाले सांगून पायलं," आजा म्हणाला. "आमी गोंदियाच्या टेसनावरून कलकत्त्याचं बीज आनत होतो. मातीच्या हंड्या. बंडीत रातभर हंडीतलं पानी हातानं हलवत रायाचं. थांबाचं नाई. ज्याचा डोळा लागला त्याची हंडी मेली. बाप म्हने, थ्या हंडीत कोनं जहर टाकलं होतं? पंच हासले."

मी तक्रारीला गेलो नाही. पण रस्त्यावर जे बोललो ते परत कसं घेणार? संध्याकाळी दादाच्या दारात गेलो. वहिनीनं पाणी दिलं. दादा बाहेर आला नाही.

पुढच्या वर्षी मत्स्य विभागाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्याला गेलो. आजा जे दोन शब्दांत बोलला होता ते तिथं आकड्यांत कळलं. लिटरभर हवेत प्राणवायू पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. आपल्याकडच्या कोमट पाण्यात, म्हणजे तीस अंशाला, लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच मावतो. थंड पाण्यात थोडा जास्त, गरम पाण्यात आणखी कमी. रोहू-कटल्याला पाच मिलिग्रॅम असला तर सुख. तीनच्या खाली गेला की चारा सोडतात, एकच्या खाली गेला की मरतात. मरळ आणि मागूर पाण्यावर तोंड काढून वरची हवा घेऊ शकतात, म्हणून ते वाचतात. आजाचा पुरावा पक्का होता.

पाणी हिरवं दिसतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक शेवाळानं. ते उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री आपणच घेतं. माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषणाचा धडा होता, तो मी प्रशिक्षणानंतर पुन्हा वाचला. १७७९ साली यान इंगेनहाउझ नावाच्या डच डॉक्टरनं पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात थांबतात हे दाखवून दिलं होतं. दहावीला मी हा धडा पाठ करून मार्क मिळवले होते. तो माझ्या सांदवाडीतला आहे, हे मात्र कळलं नव्हतं.

म्हणजे बोडीत प्राणवायू सगळ्यात जास्त दुपारी, सगळ्यात कमी पहाटे. चार दिवस ऊन नाही म्हटल्यावर शिल्लक घटत गेली. शेवाळ मेलं, म्हणून पाणी तपकिरी झालं. मेलेलं शेवाळ सडायलाही प्राणवायू लागतो. तळाला दोन वर्षांचं शेण कुजत होतं, त्यालाही लागतो. वारा नाही म्हणून वरून काही मिसळत नव्हतं. मासे पाचपट. आणि अशा रात्री मी वर दोन टोपल्या शेण टाकलं. जहर टाकणारा कोणी असेल तर तो मीच होतो.

आता मी बोडी कशी राखतो ते सांगतो, कारण अशा बोड्या आता पुष्कळांकडे आहेत.

बीज मोजून टाकतो, तीनशेच्या वर नाही. दर उन्हाळ्यात बोडी पूर्ण आटवतो, तळ भेगाळू देतो, काळा गाळ काढून वांग्यांना टाकतो, मग दहा-पंधरा किलो चुना पसरतो. पश्चिमेच्या पाळीवरची बेशरम आणि झुडपं काढली, त्या अंगानं पावसाळी वारा येतो. पाण्यावर तरंगणारं हिरवं पानफूल साचू देत नाही. त्यानं वारा आणि ऊन दोन्ही अडतात. पाणी किती हिरवं हे हातानं पाहतो. कोपरापर्यंत हात बुडवला आणि तळवा अंधुक दिसला तर ठीक. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला तर शेण-ढेप बंद. आभाळ भरलं की दुसऱ्या दिवसापासून खाणंच बंद. मासोळी चार दिवस उपाशी राहिली तर मरत नाही, दमाशिवाय चार तासांत मरते.

भरवशाचं यंत्र म्हणजे पहाटेची फेरी. दिवस उगवायच्या आधी बोडीवर जायचं. मासे वर तोंड काढून आ करत असतील आणि पाय आपटल्यावरही खाली जात नसतील तर वेळ थोडा आहे. मग मोटार सुरू करायची. पण नळी पाण्यात बुडवून ठेवायची नाही. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात आधीच प्राणवायू कमी असतो. पाणी उंचावरून, भोकं पाडलेल्या पत्र्यावरून किंवा दगडांवरून फोडून पाडायचं. पडताना जितकं फुटेल तितकी हवा घेईल. जुन्या तलावांचा सांडवा हेच करायचा. वीज नसली तर बांबूनं पाणी झोडपायचं, उतरून चालायचं, घमेल्यानं उडवायचं. एका कोपऱ्यात जरी पाणी हललं तरी मासे तिथं जमतात आणि तगतात.

मुलानं आता हवा सोडणारं छोटं यंत्र बसवलंय. नळ्या तळाशी जातात, टोकाच्या दगडांतून बुडबुडे निघतात. तो आधी दिवसभर चालवायचा आणि बिल नको म्हणून रात्री बंद करायचा. त्याला म्हटलं, उलटं कर. दिवसा ऊन काम करतं, आपली पाळी मध्यरात्री ते दिवस उगवेपर्यंत. यंत्र चांगलं आहे. पण आमच्याकडे वीज जाते ती नेमकी वादळी-ढगाळ रात्री, म्हणून बांबू पाळीवर ठेवलेलाच असतो.

दादा सहा वर्षं माझ्याशी बोलला नाही. मग त्यानंही बांधीच्या कोपऱ्यात बोडी खोदली. २००९ च्या श्रावणात एका पहाटे त्याचा नातू धावत आला, "आबानं बलावलं, लवकर." मी बांबू घेऊनच गेलो. दादा छातीभर पाण्यात उभा राहून हातानं पाणी उडवत होता. मीही उतरलो. दोन तास आम्ही दोघं पाणी झोडपत राहिलो. ऊन निघालं तशी मासोळी खाली गेली. अर्ध्याच्या वर वाचली. वहिनीनं चहा आणला. दादा म्हणाला, "तुह्या बोडीतलं पानी यंदा माह्या धानात नाई आलं." मी म्हणालो, "पाळ बांधून घेतली." जुन्या गोष्टीवर तो बोलला नाही, मीही नाही. मी चार माणसांसमोर माफी मागायला हवी होती. ती राहिलीच.

आजा त्याआधीच गेला होता. शेवटपर्यंत तो गावात सांगायचा की आपल्या बापानं जहर टाकलं नव्हतं. ऐकणारे मान हलवायचे. आजही मालगुजाराच्या वाड्याची गोष्ट निघाली की कोणी म्हातारा सहज म्हणून जातो, "थ्या ढिवरानं जहर टाकलं होतं ना, थो वाडा." ज्यांनी दंड केला ते पंच मेले, वाडा पडला, बोडी बुजून तिथं आता घरं झाली. आळ तेवढा शिल्लक राहिला.

गावानं तो दंड कधी परत केला नाही, आता घ्यायलाही कोणी नाही. पण माझ्याजवळ माझ्या बोडीचा दाखला आहे. दाटीनं कोंडलेली मासोळी, भरलेलं आभाळ, पहाटेची वेळ, सगळं तेच. म्हणून गावाच्या वतीनं नसलं तरी माझ्या वतीनं इथं लिहून ठेवतो. त्या बोडीत जहर नव्हतं. पाण्यात दम नव्हता.